भावानं आणायची साडी

॥ श्री ॥

चिंचगव्हाण, ता. कळंब
१८ जानेवारी २०२५

ती. शिवकन्या अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. तू तिथं मदतनीस लागलीस ही आपल्या दोघांची मोठीच सोय झाली. घरच्या फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे तुझ्या दिराशी, सासूबाईंशी आणि ओसरीवर बसलेल्या निम्म्या येळीवाडीशी बोलावं लागतं, कारण रणधीरराव फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय तुझ्या हातात देत नाहीत. त्यापेक्षा पाकीट बरं. ते उघडलेलं तरी कळतं.

इकडं अण्णांचा गुडघा आहे तसाच आहे. आईनं तिळाच्या वड्या केल्या आणि आरोहीच्या नावानं एक डबा वर ठेवला. तो मी रोज थोडा थोडा हलका करतोय, हे आईला सांगू नकोस.

आता मुख्य. आमच्या युवक मंडळाचा ठराव २६ तारखेच्या ग्रामसभेत येतोय. नवरा गेला म्हणून गावात यापुढं कुठल्याही बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, जोडवी-मंगळसूत्र काढून घ्यायचं नाही, आणि हळदी-कुंकवाला तिलाही बोलवायचं. कोल्हापूरकडच्या एका गावानं असं केल्याचं वाचल्यापासून माझ्या डोक्यात हेच होतं. मसुदा मी सात वेळा लिहिला. कुमार आणि मी घरोघर फिरून सह्या घेतल्या. कुमार तुला आठवेल, शाळेत असताना आपल्याच घरी जेवायला असायचा, आता कळंबला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आमचा विचार एका गावापुरता नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला हा ठराव करायला लावायचा, त्यासाठी वरच्या अधिकाऱ्यांना निवेदनं द्यायची.

अडचण एकच आहे. पुरुषांनी सह्या दिल्या, पण गावातली एकही विधवा बाई स्टेजवर यायला तयार नाही. एक आजी तर काठी घेऊन आमच्या मागं लागली. रथसप्तमीला मारुतीच्या पारापुढं जाहीर हळदी-कुंकू ठेवलंय आणि पाटावर बसायला कुणी नाही. अक्का, तू ये. दाजी जाऊन चार वर्षं होत आली तरी तुझ्या हातात बांगड्या आहेत. असं उदाहरण सगळ्या तालुक्यात नसेल. सुरुवात आपल्या घरातून झाली तर लोकांची तोंडं बंद होतील.

नाही म्हणू नकोस. आरोहीला माझे गोड पापे.

तुझ्या रागावर आणि मायेवर सारखाच हक्क असलेला,
कृष्णराज

॥ श्री ॥

येळीवाडी, ता. लोहारा
२५ जानेवारी २०२५

चि. कृष्णास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू बहिणीला पत्र लिहितोस की तहसीलला अर्ज करतोस तेच कळत नाही. 'विषय' आणि 'संदर्भ' तेवढे घालायचे राहिले. आणि डब्यातल्या वड्या संपव, आरोहीला तीळ आवडत नाहीत.

माझ्या बांगड्यांचं तू फार मोठं करून ठेवलंस. खरं काय ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, म्हणजे स्टेजवर भलतंच बोलणार नाहीस. तुझे दाजी गेले ते मे महिन्यात, त्या साथीत, धाराशिवच्या दवाखान्यात. माती तिथंच दिली, दिली कसली, पिशवीत बांधून परक्या माणसांनी उरकली. मी शाळेच्या खोलीत चौदा दिवस कोंडलेली होते. माझ्या बांगड्या फोडायला कुणी जवळ यायला तयार नव्हतं. मी बाहेर आले तोवर दहावा-तेरावा होऊन गेला होता. सासूबाईंनी मंगळसूत्र मागून घेतलं, बांगड्या राहून गेल्या. कुणी काढ म्हणालं नाही, मी विचारलं नाही. एवढीच माझी क्रांती.

त्या दिवसापासून घरात सगळं न बोलता चाललंय आणि ते तसंच चालावं असं मला वाटतं. कारण मामंजी गेल्या जेठात गेले, शेत त्यांच्या नावावर, आणि वारसांची नोंद अजून व्हायची आहे. तुझ्या दाजींच्या वाट्याची दोन एकर माझ्या आणि आरोहीच्या नावावर लागली की मग मी पारावरच काय, पारावरच्या पिंपळाच्या शेंड्यावर बसते. तोवर मला कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. चार वर्षं ती दोन एकर मी एकटीनं कसली आहे, कृष्णा. तिथं माझं नाव लागावं एवढंच मागणं आहे.

तरी तुझं पत्र चार वेळा वाचलं. खोटं कशाला बोलू, कुंकू लावावंसं वाटलं. अंगणवाडीत पोरींना ओवाळताना कुंकवाचं बोट पुसायला पदर शोधते मी, कपाळाला लागू नये म्हणून. सासूबाईंना आईचं दुखणं सांगून दोन दिवस मागून बघते. येईन, पण एका अटीवर. गाजावाजा करायचा नाही.

आईला नमस्कार, अण्णांना गुडघ्याला एरंडाचं तेल लावायला सांग. तुझं लग्न होईपर्यंत तुला शहाणं करायचं काम माझ्याकडं आहे, तेवढं लक्षात ठेव.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

चिंचगव्हाण
८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून गावात दुसरा विषय नाही. तू पाटावर बसलीस आणि पाच मिनिटांत ती काठीवाली आजी गर्दीतून पुढं आली, तुझ्या शेजारी बसली आणि कपाळ पुढं केलं. मग अकराजणी आल्या. अण्णा मागं उभे राहून रडत होते आणि डोळ्यात धूळ गेली म्हणत होते. मी आयुष्यात एवढा आनंद पाहिला नव्हता.

तुझ्या गळ्यात मंगळसूत्र घालायचं आधी ठरलं नव्हतं, मान्य. पण रिकामा गळा फोटोत वाईट दिसला असता, आणि उपसरपंचांच्या मंडळींनी आपलं नवं कोरं काढून दिलं, तर नाही कसं म्हणायचं? तू तेव्हा माझ्याकडं जे बघितलंस ते मी विसरलेलो नाही. पण काम केवढं झालं बघ. ठराव एकमतानं मंजूर आहे आणि बातमी फोटोसकट छापून आली. फोटोत आम्ही चौदाजण होतो, त्यांनी कापून तुझा आणि कुमारचा तेवढा ठेवला. कुमार हळदीचं तबक धरून उभा आहे आणि नेमका हसतोय. मला कापलं त्याचं वाईट वाटलं, पण चळवळीत असं चालायचंच.

दोन कात्रणं पाठवतोय. एक तुला, एक घरी दाखवायला. रणधीररावांनाही अभिमान वाटेल. आता आम्ही जिल्ह्याच्या मागं लागलो आहोत.

पत्राची वाट बघणारा आणि तुझ्यामुळं मोठा झालेला,
कृष्णराज

॥ श्री ॥

येळीवाडी
३ मार्च २०२५

चि. कृष्णास,
अ. उ. आ.

कात्रण घरी दाखवायची वेळच आली नाही. ते माझ्या आधी पोचलं होतं.

तलाठ्याकडून नोटीस आली आहे. वारस नोंदीवर रणधीरभाऊजींनी हरकत घेतली. त्यात लिहिलंय की मयत शिवराज यांची पत्नी शिवकन्या हिनं माहेरी चिंचगव्हाण इथं रथसप्तमीच्या दिवशी दुसरं लग्न केलं आहे, सबब तिचा या घराशी संबंध उरलेला नाही. पुराव्याला तुझं कात्रण. माझ्या कपाळावर कुंकू, गळ्यात नवं मंगळसूत्र, शेजारी कुमार हसतोय. मीच तो फोटो परक्या बाईचा म्हणून बघितला तर मलाही लग्नच वाटलं असतं.

मी तलाठ्याला सांगितलं की हा ठरावाचा कार्यक्रम होता, सोबत माझा भाऊ होता. त्यांनी भाऊ कुठं आहे ते फोटोत दाखवा म्हटलं. तू तर कापला गेलास. त्यांनी मग समजुतीनं सांगितलं की चौकशी होईल, भावकीतले आणि शेजारचे पाचजण ही बाई विधवा म्हणून या घरात राहते असं लिहून देतील तर हरकत निकाली निघेल. मी पाच घरी जाऊन आले. एका घरी मला चहा मिळाला आणि सही मिळाली नाही. बाकी चार घरी चहाही नाही.

लोहाऱ्याला वकिलांना भेटले. ते म्हणाले की कायदा तुमच्या बाजूनं आहे, आरोहीचा हिस्सा तर कुणाच्या बापाला नाकारता येणार नाही, पण दावा लावलात तर सात-आठ वर्षं धरून चाला. भाऊजींनी तर मला तोंडावर सांगितलं की औंदा मृगाला ते शेत तेच पेरणार, आणि अंगावर आलीस तर नवऱ्याकडं जा म्हणून सांगणार. नवरा म्हणजे कुमार. तो पोरगा माझ्या हातचं जेवलाय लहानपणी.

सासूबाई एक अक्षर बोलत नाहीत. माझं ताट वेगळं काढतात आणि आरोहीला माझ्याजवळ झोपू देत नाहीत. काल आरोही मला विचारत होती की तिला नवे पप्पा आलेत का, कारण शाळेत पोरं तसं म्हणतात. मी तिला एक चापट मारली, आणि मग बसून रडले.

तू ये. निवेदन लिहून पाठवू नकोस, तू स्वतः ये, इथं ओसरीवर बस आणि फोटोत मी होतो एवढं सांग. बाकी काही नको.

वाट बघते,
अक्का

॥ श्री ॥

चिंचगव्हाण
१२ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रक्त उसळलं. कुमारला वाचून दाखवलं तर तो उठून बाहेरच गेला. तो म्हणत होता की आत्ताच्या आत्ता गाडी काढून येळीवाडीला जाऊ. मी त्याला थांबवलं. भावनेच्या भरात जाऊन तमाशा करण्यात अर्थ नाही. तो तिथं दिसला तर लोकांना आणखी चेव येईल, आणि मी एकटा आलो तर चार शिव्या खाऊन परत येईन. हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, अक्का. तुझ्यासारख्या किती जणींच्या नोंदी अशा अडवल्या असतील! आपल्याला धोरणच बदलायला लावलं पाहिजे.

म्हणून मी काम केलंय. तुझं सगळं प्रकरण तारखांसह लिहून जिल्ह्याला निवेदन दिलं, रणधीररावांचं आणि त्या तलाठ्याचं नाव घालून. खाली एकशे बारा तरुणांच्या सह्या आहेत. प्रत पेपरवाल्यांनाही दिली. साहेबांनी वाचून घेतलं, आम्हाला पाणी दिलं, आणि ९ जूनला याच विषयावर बैठक लावली. नुसत्या ठरावाला ते बधत नव्हते, तुझ्या उदाहरणानं बधले. तुला त्रास होतोय हे खरं, पण त्यातून जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांचं भलं होणार आहे, एवढं मनाशी धर.

थोडं सोस. मी आहेच.

तुझा,
कृष्णराज

॥ श्री ॥

येळीवाडी
२० एप्रिल २०२५

चि. कृष्णास,
अ. उ. आ.

तू आहेसच म्हणून लिहिलंस. कुठं आहेस ते लिहायचं राहिलं.

तुझ्या निवेदनाची चौकशी आली. तलाठी आता माझ्याशी बोलत नाहीत, कागद पुढं सरकवतात आणि कागद मागं घेतात. चहा देणाऱ्या त्या एका घरानं चहाही बंद केला, कारण पेपरात गावाचं नाव आलं. सरपंचांनी अंगणवाडीत येऊन मला बजावलं की गावाची अब्रू घालवणारी बाई पोरांना काय वळण लावणार, याचा त्यांना विचार करावा लागेल. निवेदन द्यायच्या आधी एकदा मला विचारायचं होतंस. एकशे बाराजणांना विचारलंस.

आता ऐक. सासूबाई पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या लेकाला चार वर्षं पाणी मिळालेलं नाही. माती आपल्या हातानं झाली न्हाय, बायकोच्या बांगड्या उतरल्या न्हाईत, मग त्याचा जीव कुठं अडकून पडला असंल ते त्या रोज बघतात. मामंजी गेले तेव्हा त्यांनी साठाव्या वर्षी मुकाट हात पुढं केले होते, मग मी अशी कोण लागून गेले. त्या हे बोलताना रडत होत्या आणि त्यांचं रडणं खरं होतं. ह्याचीच मला जास्त भीती वाटते.

८ जूनला मामंजींचं वर्षश्राद्ध आहे. त्याच दिवशी, भावकीसमोर, माझ्या बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, राहिलेलं सगळं पुरं करायचं. तसं केलं तर भाऊजी हरकत मागं घेणार आणि पाच काय, पंधरा सह्या मिळणार. पेरणीच्या आत नोंदीचा कागद पुढं सरकेल. सासूबाईंनी देवावर हात ठेवून कबूल केलंय आणि त्या शब्दाच्या पक्क्या आहेत.

मी हो म्हटलंय. वीस दिवस विचार करून म्हटलंय, त्यामुळं मला शिकवू नकोस. बांगड्या आहेत, दोन एकर नाहीत, असं घेऊन मी कुठं जाऊ? माहेरी? तुझ्या लग्नाची बोलणी चालली आहेत, घरात विधवा बहीण कायमची आली असं कळलं की पाहुणे दारातूनच वळतील, हे तुलाही माहीत आहे आणि आईलाही.

फक्त एक अडतंय. आमच्याकडं ह्या विधीची साडी माहेरहून यावी लागते, आणि ती भावानंच आणायची असते. भाऊ असताना बापानं आणलेली चालत नाही. बांगड्या उतरल्या की भाऊ ती साडी अंगावर घालतो, मग सगळं मानलं जातं. तू नाही आलास तर विधी झाला असं कुणी धरणार नाही आणि सह्याही मिळणार नाहीत. तू आलास तर फोटोतलं खोटंही आपोआप संपेल, कारण पुन्हा लग्न लावून दिलेल्या बहिणीला असली साडी कोण आणील?

साधी, फिक्या रंगाची, बिनकाठाची साडी. कळंबच्या बाजारात मिळेल. ८ जून, रविवार, सकाळी दहाच्या आत. मला तुझी लाज वाटावी असं काही करू नकोस.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

चिंचगव्हाण
२० मे २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्राला उत्तर देववलं नाही, माफ कर. रोज लिहायला बसायचो.

मी साडी आणणार नाही. ज्या हातानं मी तो ठराव लिहिला त्याच हातानं तुझ्या अंगावर ती साडी घालायची? जमणार नाही मला. आणि नीट विचार कर, मी आलो नाही तर विधी होणारच नाही, असं तूच लिहितेस. म्हणजे न येऊन मी तुला वाचवतोय. आज तुला राग येईल, पुढं पटेल.

दुसरंही आहे, तुझ्यापासून काय लपवायचं. आठ तारखेचा कार्यक्रम आणि लगेच नऊ तारखेला धाराशिवला बैठक. तिथं कुणी उठून विचारलं की ठराव मांडणाऱ्यानं काल स्वतःच्या बहिणीचं काय केलं, तर चार महिन्यांचं काम मातीत जाईल. तू सासूबाईंना सांगून श्राद्धाचं श्राद्ध होऊ दे आणि हे एवढं पंधरा दिवस पुढं ढकल. बैठक झाली की वरूनच आदेश येईल, मग तुझ्या केसालाही धक्का लावायची कुणाची हिंमत होणार नाही.

कुमार माझ्याशी भांडला. त्याला तुझं पत्र दाखवायला नको होतं. तो म्हणतो की मी चळवळीसाठी बहीण वापरतोय. त्याला मोठं चित्र दिसत नाही, मोबाइलच्या बारक्या स्क्रूंत आयुष्य चाललंय त्याचं.

रागावलीस तरी तुटू नकोस.

कृष्णराज

॥ श्री ॥

धाराशिव
९ जून २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत बसस्टँडवर बसून लिहितोय, पण तुलाच आधी कळायला हवं. जिंकलो! जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना पत्रक जाणार. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं ठराव घ्यायचा, आणि मजकूर माझाच, एक शब्द न बदलता.

मी दहा मिनिटं बोललो. शेवटी सांगितलं की माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातात आज या घडीलाही बांगड्या आहेत. सभागृह उभं राहिलं, अक्का. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

कालचा दिवस शांततेत पार पडला असेल अशी आशा आहे. कुमार आज आलाच नाही, कालपासून त्याचा फोन बंद आहे. सविस्तर मागून लिहितो.

तुझ्या शाबासकीची वाट बघणारा,
कृष्णराज

॥ श्री ॥

येळीवाडी
१७ ऑगस्ट २०२५

चि. कृष्णास,
अ. उ. आ.

तुझी तीन पत्रं आली. राखी का आली नाही म्हणून विचारलंस. उत्तर आज देते, कारण आता माझ्याकडं सांगण्यासारखं सगळं आहे.

८ जूनला सकाळी साडेदहापर्यंत मी परसात पाटावर बसून होते. भावकी जमली होती, जेवणं खोळंबली होती, आणि भाऊजी मोठ्यानं म्हणत होते की नवरा असलेल्या बाईला साडी घेऊन कोणता भाऊ यील. मग लोहाऱ्याहून येणाऱ्या जीपमधून कुमार उतरला. हातात पिशवी. आधी कुणी ओळखलं नाही, मग एकानं ओळखलं आणि चारजण अंगावर धावले. एकानं त्याच्या तोंडात मारली. तो मार खात तसाच सासूबाईंपर्यंत चालत आला आणि पायावर डोकं ठेवून म्हणाला, की फोटोतला माणूस मीच, मी हिचा भाऊ आहे, लहानपणी हिच्या ताटात जेवलोय, बहिणीची साडी आणलीय. भाऊजींनी त्याच्याकडून ते तीन वेळा म्हणवून घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याच्या नाकातून रक्त येत होतं. सासूबाईंनी मान डोलावली आणि मानलं म्हणाल्या.

त्याला साडीतलं काय कळणार, त्यानं बारीक फुलांच्या काठाची आणली होती. बायकांनी त्याच्यासमोर काठ फाडून काढला. मग माझे हात धरले. बांगड्या सासूबाईंनी फोडल्या, वरवंट्यानं. त्या रडत होत्या आणि मारत होत्या. डाव्या मनगटाची खूण अजून आहे. आरोहीला शेजारी पाठवलं होतं, पण ती भिंतीवरून बघत होती हे मला मागून कळलं. तेव्हापासून ती माझ्या हाताला हात लावत नाही, पदराला धरून चालते.

सासूबाईंनी शब्द पाळला. सतरा सह्या मिळाल्या. २२ जुलैला नोंद मंजूर झाली. सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि माझ्या खाली आरोहीचं. सोयाबीन चांगलं आलंय.

तुझं भाषणही पेपरात आलं होतं. आज या घडीलाही बांगड्या आहेत, हे वाक्य ठळक छापलं होतं. भाऊजींनी तो पेपर घडी करून कपाटात ठेवलाय. मी कधी वाकडी वागले तर काढायला, असं त्यांनी मला सांगून ठेवलंय. तुला राग येईल म्हणून मी काही लपवत नाही, कृष्णा. मला तुझा राग आलाय. तू आला नाहीस ह्याचा आहेच, पण मी थांबलेली असताना तू मला वाचवतोयस असं लिहिलंस, त्याचा जास्त आहे. तुझ्याऐवजी मार खाणाऱ्याला आता मी भाऊ म्हणते. भाऊबीजेला त्याला बोलावलंय. तू येऊ नकोस.

परवा १५ ऑगस्टला आमच्याकडं तुझा ठराव झाला. सरपंचांनी वाचला. आपल्या गावात असली प्रथा आहे का म्हणून त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी न्हाय म्हणून सांगितलं. सूचक रणधीरभाऊजी, अनुमोदक सासूबाई. ठरावाखाली एका विधवा बाईची सही लागते असं तुझ्या पत्रकात आहे, म्हणून मला पुढं बोलावलं. मी सही केली. नोंद नवी आहे, तिच्यावर अजून कुणीही अपील करू शकतं. तुझ्याकडं गावांची यादी असेल तर आमचं गाव त्यात घे, एकमतानं मंजूर म्हणून.

आमच्या गल्लीत समृद्धी म्हणून एक पोर आहे, चोवीस वर्षांची. तिचं लेकरू माझ्या अंगणवाडीत येतं. तिचा नवरा गेल्या आठवड्यात उमरग्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला. काल त्याचा दहावा होता. बांगड्या उतरवायचं काम विधवा बायकांनीच करायचं असतं, त्यामुळं मला बोलावणं आलं. ठराव होऊन चोवीस तास झाले नव्हते. मी नाही म्हटलं असतं तर सतरा सह्या करणारे सगळे तिथं बसलेले होते. मी गेले आणि तिचे हात धरले. घट्ट धरावे लागतात, सैल धरले तर पोर हात ओढते आणि काच आत जाते. ती माझ्याकडं बघून अक्का, अक्का म्हणत होती. मी सोडले नाहीत.

तिचा भाऊ साडी घेऊन वेळेवर आला होता.

आईला आणि अण्णांना नमस्कार. आशीर्वाद वर लिहिला आहे, तो तुला लहानपणापासून देत आले म्हणून दिला.

शिवकन्या